सामाजिक जबाबदारी: एका दिवसात, जेवणासह

अभिनंदन. पहिला पगार अजून खात्यात पडायचाय, तोवर प्रिन्सिपलसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून कार्यशाळा तुमच्या गळ्यात घातलीसुद्धा. सूक्ष्मजीवशास्त्र, बायोटेक, पशुवैद्यक, जे कोण सापडतील त्या सगळ्यांना 'दुहेरी उपयोगाचं संशोधन आणि सामाजिक जबाबदारी' शिकवायची आहे. म्हणजे काय, तर ज्या माहितीतून लस निघते तिच्यातूनच घातपातही निघू शकतो, तेव्हा प्रयोगशाळेत बसणाऱ्यानं डोळे उघडे ठेवावेत. एवढं तर चहा पिता पिता सांगून होतं. पण मग दिवसभर करायचं काय आणि बिलं कशाची लावायची? घाबरू नका. पुढची मार्गदर्शिका खास बीदर-कलबुर्गीकडच्या कॉलेजांसाठी आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदची पोरं घरी मराठी बोलतात, बाजारात कन्नड आणि दखनी बोलतात. त्यांना इंग्रजीत जबाबदार कसं करायचं, ते इथे क्रमवार दिलं आहे.

१. आधी तारीख, मग विषय

तारीख 'नॅक'ची कमिटी यायच्या आधीची धरा. सातव्या निकषात संस्थेची मूल्यं आणि चांगल्या प्रथा दाखवाव्या लागतात, आणि मूल्यं ऐन वेळी बाजारात मिळत नाहीत. पीएच.डी.चे विद्यार्थी त्या दिवशी प्रयोगात गुंतलेले असतील तर राहू द्या. बी.ए.ची पोरं आणून बसवा. फोटोत शाखा दिसत नाही.

२. पाहुणा लांबचा हवा

उदगीर किंवा हुमनाबादचा माणूस कितीही जाणकार असला तरी तो पाहुणा होत नाही, तो नुसता 'आलेला' असतो. पाहुणा बेंगळुरूचा, हैदराबादचा, गेलाबाजार पुण्याचा. नाडगीत झालं, झाडाला पाणी घालून उद्घाटन झालं, की लगेच सत्कार उरका. सत्कार भाषणानंतर ठेवला तर भाषण कसं झालं याच्याशी त्याचा संबंध जोडला जातो. शाल, फळांची परडी आणि बिदरी काम केलेली फुलदाणी. फुलदाणीत कसूर नको. काळ्या धातूवर चांदीची वेल, आणि तो काळेपणा येतो बीदरच्या किल्ल्यातल्या मातीनं. पाहुण्याला हे आवर्जून सांगा. अख्ख्या दिवसात स्थानिक माहिती द्यायची परवानगी फक्त इथेच आहे.

३. उदाहरणं सातासमुद्रापलीकडची

पाहुणे स्वतःची स्लाइड घेऊन येतातच. तिच्यात पहिला मान ऑस्ट्रेलियाच्या उंदरांचा. उंदरांची पैदास रोखायची लस करायला निघालेल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातला आणि लस टोचलेले उंदीरही मरायला लागले. हे २००१ साली छापून आलं. मग २०११ चा बर्ड फ्लू. नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी तो फेरेट नावाच्या प्राण्यांत हवेतून पसरेल असा केला. हे छापावं की दाबावं यावर अमेरिकेत महिनोन्‌महिने खल झाला आणि २०१२ मध्ये दोन्ही निबंध छापले गेले. उदाहरणं खरी आहेत, महत्त्वाची आहेत, आणि त्यांचा मोठा गुण हा की ऐकणाऱ्याला वाटतं, ही भानगड त्या लोकांची. आपल्याकडे फेरेट कुठाय?

कोरोनाचं नाव मात्र काढू नका. देशातला त्याचा पहिला बळी मार्च २०२० मध्ये कलबुर्गीचाच एक वृद्ध गृहस्थ होता. विषाणू कुठून आला, कुणी सोडला, लॅबमधून निसटला काय, यावर त्या दिवसांत इथल्या प्रत्येक कट्ट्यावर परिसंवाद झालेत. हा विषय काढलात तर लोक बोलायला लागतील. कार्यशाळेत लोकांनी बोलायचं नसतं.

४. मुंबईचा तर विषयच नको

हा सगळ्यांत मोलाचा सल्ला. काय टाळायचं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. वर्गात बोलायचं नाही.

पाकुडच्या जमीनदार घराण्यात बिनयेंद्र आणि अमरेंद्र पांडे हे दोन सावत्र भाऊ. वाद इस्टेटीचा. थोरल्याच्या ओळखीत तारानाथ भट्टाचार्य नावाचा डॉक्टर. या तारानाथनं १९३२ साली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटकडे प्लेगचे जिवंत जंतू मागितले. संस्थेनं कळवलं, बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. नियम पाळला गेला, जावक क्रमांक पडला असेल, विषय संपला. पुढच्या वर्षी ही मंडळी स्वतः मुंबईत उतरली. आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोगांच्या हॉस्पिटलातही प्लेगचे जंतू होते. तिथे सांगण्यात आलं की डॉक्टरसाहेबांनी प्लेगवर औषध शोधलंय, तेवढं तपासून बघायचंय. आता प्लेगवरच्या औषधाला नाही कोण म्हणेल? जागा मिळाली, जंतू हाताशी आले. जुलै १९३३ मध्ये हे संशोधन एकाएकी आटोपलं आणि डॉक्टर कलकत्त्याला परतले. २६ नोव्हेंबरला हावडा स्टेशनच्या गर्दीत कुणीतरी धाकट्या अमरेंद्रच्या दंडाला काहीतरी टोचलं आणि पसार झालं. ४ डिसेंबरला तो गेला. रक्तात प्लेगचे जंतू निघाले. खालच्या कोर्टानं थोरल्या भावाला आणि डॉक्टरला फाशी सुनावली, हायकोर्टानं १९३६ मध्ये ती जन्मठेपेवर आणली.

आता ही गोष्ट वर्गात सांगून बघा. मागच्या बाकावरचा जागा होईल. कुणीतरी विचारेल, "सर, मग चुकलं कुणाचं?" पत्र मागणाऱ्यांचं बरोबर होतं. संशोधकाला वाव देणाऱ्यांचंही वरवर बरोबरच. कागद सगळ्यांचे चोख. फक्त या गृहस्थाचं औषध कुठाय, आणि आज याच्या टेबलावर नेमकं काय चाललंय, हे शेजारी उभं राहून कुणी पाहिलं नाही. वर हेही सांगावं लागेल की त्याच जातीचे जंतू मारून वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईतच प्लेगची लस काढली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. म्हणजे एकाच शहरात, एकाच जंतूचे दोन्ही उपयोग. पोरांना सगळं समजून जाईल, तेही साडेअकराच्या चहाआधी. पुढची तीन सत्रं मग तुम्ही कशानं भरणार?

५. डास आणि पाखरंही वगळा

सत्तरच्या दशकात दिल्लीत डब्ल्यूएचओ आणि आयसीएमआर यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं एक युनिट होतं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्याच सुमारास पाखरांच्या पायात कडी अडकवून त्यांचं स्थलांतर तपासत होती, आणि त्या कामाला अमेरिकी लष्कराचा पैसा लागलेला होता. हे जैविक युद्धाचं संशोधन तर नाही, अशी १९७४ साली वर्तमानपत्रांतून आरडाओरड झाली, १९७५ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले, डासांचं युनिट बंद पडलं. संशयात तथ्य किती होतं, यावर मतं वेगळी आहेत. पण समितीनं विचारलेले प्रश्न साधे होते. पैसा कुणाचा, माहिती कुणाकडे जाते, आणि ती घेऊन ते काय करणार? हे प्रश्न वर्गात पोचले तर उद्या पोरं तुमच्या प्रोजेक्टची फंडिंग एजन्सी विचारतील. तेव्हा पाखरं राहू द्या.

६. बांध, गोठा, फ्रीजर

स्वतःच्या गावाकडे बोट दाखवणं हा नवशिक्यांचा ठरलेला मोह. तुरीच्या बांधावर एरंड उभा असतो. त्याच्या बीतलं रायसिन हे विष रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीत बसलंय. १९७८ साली लंडनमध्ये गिऑर्गी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाचा खून त्यानंच झाला असं मानतात. हे इथल्या पोरांना सांगणं धोक्याचं आहे. एरंड त्यांच्या ओळखीचा आहे आणि ओळखीच्या गोष्टीवर माणसं विचार करतात.

ऐकायचंय काय होतं ते? एका कार्यशाळेत जेवणानंतरच्या सत्रात एक मुलगी उठली. औरादकडची, एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाची. म्हणाली, "सर, आमच्याकडे एरंडीची पेंड खताला आणतात. जनावरानं खाल्ली की मरतं. म्हणून अण्णा ते पोतं गोठ्यात कधीच ठेवत नाहीत. लांबच्या खोलीत, माळ्यावर, तोंड सुतळीनं बांधून ठेवतात. गडी नवीन आला की पहिल्या दिवशी त्याला नेऊन दाखवतात. आणि आपल्या डिपार्टमेंटच्या फ्रीजरला कुलूप नाही. आत काय काय आहे त्याची वहीपण नाही."

सभागृहात शांतता. सगळ्यांना तो फ्रीजर माहीत होता. वरच्या कप्प्यात या वर्षीच्या कुप्या, खालच्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचं आइस्क्रीम, आणि तळाशी बर्फात रुतलेला एक डबा. त्यावरची मार्करची अक्षरं पुसून फक्त तारखेतला महिना उरलेला. डबा कुणाचा? जे मॅडम रिटायर झाल्या त्यांचा. त्यात काय? त्यांनाच ठाऊक.

अशा वेळी काय करावं? पाहुण्यांनी केलं ते आदर्श आहे. ते हसले, "व्हेरी गुड क्वेश्चन" म्हणाले, आणि हा मुद्दा आपण चहाच्या वेळी चर्चेला घेऊ असं सांगून पुढच्या स्लाइडवर गेले. पुढची स्लाइड फेरेटची होती. चहाच्या वेळी ते गाडीत होते, कारण परतीची गाडी चुकली असती. बिचारी मुलगी. तिनं विषय नीट समजून घेतला होता, आणि त्याला आपल्या प्रमाणपत्रात रकाना नाही.

७. कायदा एका स्लाइडमध्ये

जैविक शस्त्रबंदीचा करार १९७२ चा, भारतानं त्याला मान्यता दिली १९७४ साली, सामूहिक संहाराच्या शस्त्रांविरुद्धचा आपला कायदा २००५ चा. तीन वर्षं, तीन बुलेट, पुढची स्लाइड. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या जंतूंची आणि विषांची सरकारी यादी आहे, ती दाखवू नका. तिच्यात अँथ्रॅक्स आहे, ब्रुसेला आहे. बीदर हे पशुवैद्यकीय विद्यापीठाचं गाव, श्रोत्यांत निम्मे ढोरांचे डॉक्टर असणार. अँथ्रॅक्स म्हणजे आपला जनावरांचा फाशी रोग आणि ब्रुसेला म्हणजे गाभडणाऱ्या म्हशी, हे त्यांना लगेच उमगेल. मग ते म्हणतील, "हे नमुने तर आम्ही एसटीत मांडीवर घेऊन जातो."

नीतिमत्तेचा विषय अगदीच अंगावर आला तर वाङ्मयचौर्याकडे वळवा. यूजीसीनं पीएच.डी.च्या पोरांसाठी संशोधन-नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स सक्तीचा केलाय. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं हेही सगळ्यांना पाठ आहे. टक्का मोजता येतो, म्हणून त्यावर कितीही वेळ बोलता येतं. प्रबंध कुणाचा उतरवला, एवढीच चोरी या विद्येत संभवते असं वातावरण ठेवा.

८. चाचणी आणि प्रमाणपत्र

दहा प्रश्न पुरे. प्रत्येकाला चार पर्याय, चौथा 'वरील सर्व', उत्तर नेहमी चौथं. पेपर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर निकाल शंभर टक्के लागतो. प्रमाणपत्रं मात्र सकाळीच छापून ठेवा आणि जेवणाचं कूपन परत केल्याशिवाय देऊ नका. जबाबदारी शिकवायची ती इथे शिकवता येते. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई, शेंगाचटणी आणि गोडाला हुग्गी असेल तर शेवटच्या सत्रापर्यंत कुणी उठत नाही. त्या सत्रात जैवसुरक्षा समितीची घोषणा करून टाका. समितीत प्रिन्सिपल, ऑफिस सुपरिंटेंडेंट आणि जो त्या दिवशी रजेवर असेल तो. बैठक वर्षातून एकदा, इतिवृत्त आधीच तयार.

९. अहवाल

हा दुसऱ्याच दिवशी द्यायचा असतो, तेव्हा नव्यानं लिहीत बसू नका. जूनमधल्या योग दिनाचा अहवाल कॉम्प्युटरवर असेलच. तो उघडा, 'योग' शोधून सगळीकडे 'जैवसुरक्षा' घाला, फोटो बदला. फक्त एकदा वाचून बघा. एका कॉलेजच्या अहवालात 'प्रयोगशाळा' होती तिथे 'प्रजैवसुरक्षाशाळा' झालं होतं, आणि कार्यशाळेच्या नावातच 'दुहेरी उपजैवसुरक्षा'. कमिटीतल्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. उलट पारिभाषिक शब्द चांगले वापरलेत असा शेरा मिळाला.