कधीकधीवाले अण्णा

अण्णांना मोडलेल्या वस्तूंत रस नाही. त्यांच्या लेखी ती हमाली: पाना घ्या, जुनं काढा, नवं बसवा, हात धुवा. त्यांना हवी असते कधीकधी मोडणारी वस्तू. 'एरवी चांगलं चालतं हो, पण मधूनच...' एवढं कुणी म्हणायचा अवकाश, अण्णांचा पेपर खाली येतो, चष्मा कपाळावर जातो आणि ते बाकावर सरकून समोरच्याला जागा करून देतात.

नोकरी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत झाली. तिथे येणारी बस आधीच पुरती खिळखिळी झालेली, त्यामुळे संशयाला वावच नसायचा, ही त्यांची तक्रार. ती कसर आता कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरून निघते आहे.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या गाडीचा क्लच हे त्यांच्या निवृत्त आयुष्यातलं सर्वांत देखणं प्रकरण. नळ स्टॉपच्या सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून वहिनी थांबल्या की गाडी कधीकधी आपणहून पुढे सरकायची. पार्किंगमध्ये रिव्हर्स टाकताना कधीकधी खर्रकन आवाज यायचा. पेडल दोन-तीनदा दाबलं की सगळं सुरळीत. गॅरेजमध्ये नेली की फिटर सीटवर बसायचा, फटाफट पाच-सात वेळा क्लच मारायचा आणि 'ओके आहे' म्हणून उतरायचा. वहिनींच्या यजमानांचं तर ठाम मत होतं, "मी चालवतो तेव्हा कसं होत नाही?" या प्रश्नातलं 'मी' त्या घरात बरेच दिवस गाजत होतं.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी गॅलरीतूनच निकाल दिला, "प्लेट गेली. पूर्ण सेट बदला." अशी माणसं प्रत्येक सोसायटीत असतात. गाडीला काहीही होवो, यांची प्लेट गेलेली असते. अण्णांनी वरही पाहिलं नाही.

"वहिनी, कात्रजचा घाट चढताना इंजिन नुसतंच ओरडतं आणि गाडी मागे राहते, असं होतं का?"

"नाही."

"मग प्लेट सुखरूप आहे. प्लेट गेली की क्लच धरत नाही. तुमचा धरतो झकास, सोडताना कुचराई करतो. उलटी केस आहे."

त्यानंतर उलटतपासणी. सकाळी होतं की संध्याकाळी? एसी चालू असताना? पावसात? पायात सँडल की बूट? वहिनी बँकेत आहेत, त्यांना केवायसी घ्यायची सवय, द्यायची नाही. पण त्यांनी उत्तरं दिली. अण्णांनी ती जुन्या डायरीत उतरवून घेतली आणि वहिनींच्या हाती दुसरी डायरी दिली: जेव्हा होईल तेव्हा जागा, वेळ आणि ऊन किती ते लिहायचं. यजमानांनी ही डायरी पाहिली आणि आणखी खूश झाले. आता तर लेखी पुरावा होता की होतं ते फक्त बायकोच्या हातून.

तपासाची सुरुवात पायाखालून झाली. नवी जाड मॅट पेडलखाली सरकली की क्लच पूर्ण दाबलाच जात नाही. ते अण्णांनी प्रथम बाद केलं. मग इंजिन चालू ठेवून रिव्हर्स टाकायला लावला, खर्र. इंजिन बंद करून टाकायला लावला, अलगद पडला. "गिअरबॉक्स निर्दोष," अण्णांनी जाहीर केलं आणि डायरीत एका नावावर काट मारली.

पुढचं दृश्य सोसायटीतल्या पोरांच्या अजून लक्षात आहे. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर उलटे आडवे, डोकं पेडलांपाशी, तोंडात टॉर्च, दोन्ही पाय दाराबाहेर. वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावला. आतून फक्त आवाज आला, "कोरडं आहे!" पेडलमागच्या दांडीचं रबरी बूट बोटाने उचलून त्यांनी पाहिलं होतं, तेलाचा टिपूस नव्हता. खालून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं बूटही कोरडं. टाकीतल्या ब्रेक ऑइलच्या पातळीवर त्यांनी नातवाच्या स्केचपेनने रेघ मारली होती. पंधरवडा उलटला तरी पातळी रेघेवरच.

यावर अण्णा इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. तेल गळत नाही, तरी पेडल बसतं, म्हणजे चोर घरातलाच. चहाबरोबर मला ब्रेक ऑइलवर व्याख्यानही मिळालं. ते हवेतलं पाणी पितं. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी पिऊन बसलं की तीच मर्यादा १५५ वर येते. मारुती ८०० ला क्लचची वायर होती, तार तुटत आली की दिसायची तरी; "या हायड्रॉलिकमध्ये सगळं पोटात." हे ते कौतुकाने म्हणाले. पोटात ठेवणाऱ्या यंत्रांविषयी त्यांना आदर आहे.

उलगडा वहिनींच्या डायरीने केला. 'सिग्नल लांब', 'पुढे रिक्षा, हळूहळू दाबला', 'आई मागे बसल्या होत्या, सावकाश चालवत होते'. अण्णांनी 'हळूहळू' आणि 'सावकाश' यांखाली लाल रेघा ओढल्या आणि रविवारी सकाळी दोघांना खाली बोलावलं.

सपाट जागा, इंजिन चालू. यजमानांनी दाणकन क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही. "बघा!" यजमान म्हणाले. मग वहिनी बसल्या. "सासूबाई मागे आहेत असं समजून दाबा," अण्णा म्हणाले. वहिनींनी पेडल गोगलगायीच्या गतीने खाली नेलं, गिअर टाकला, पाय तिथेच धरला. पाचेक सेकंद काही नाही. मग पेडल त्यांच्या पायाखालून जमिनीला टेकलं आणि गाडी सेक्रेटरींच्या स्कूटरच्या दिशेने निघाली. वहिनींनी ब्रेक मारला. अण्णांनी टाळ्या वाजवल्या.

"मास्टर सिलिंडरमधलं वॉशर," ते म्हणाले. "सायकलच्या पंपात असतं तसं, काठ वळलेलं. दणका दिला की तेलाचा दाब त्या काठाला भिंतीशी घट्ट चिकटवतो. हळू दाबलं की झिजल्या काठावरून तेल मागे निसटतं आणि परत टाकीत जातं. म्हणून बाहेर थेंब नाही की पातळीत फरक नाही. फिटर दणके देतात. तुमचे यजमानही देतात."

"म्हणजे मी नीट चालवते म्हणून हे सापडलं?" वहिनींनी विचारलं.

"नीट चालवणाऱ्यालाच सापडणार होतं."

यजमानांना एकदम दूध आणायचं आठवलं.

मास्टर सिलिंडर नवा बसला, तेल बदललं, एअर काढली; दुपारच्या आत गाडी परत आली. अण्णा गॅरेजमध्ये फिरकलेही नाहीत. त्यांनी फक्त जुना सिलिंडर मागून घेतला. संध्याकाळी गेलो तर गॅलरीत वर्तमानपत्रावर त्याचे भाग मांडलेले. काळं वॉशर बोटाच्या टोकावर घेऊन ते उजेडाकडे धरून बसले होते. काठाचा एवढासा तुकडा गुळगुळीत होऊन चकाकत होता, नखभरसुद्धा नाही. "इथे," ते म्हणाले आणि मला भिंग दिलं. मग थोडे हिरमुसले. डायरी मिटली.

काकू चहा घेऊन आल्या. "लोकांच्या गाड्यांतली वॉशरं भिंगातून बघतात," त्या मला म्हणाल्या, "स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून ठिबकतोय, त्याचं वॉशर काही यांना दिसत नाही."

अण्णांनी वॉशर कागदात गुंडाळलं.

"तो सारखाच ठिबकतो," ते म्हणाले. "त्यात शोधायचं काय?"