चौकट आहे, चित्र नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्याच सांताक्रूझमध्ये आता बेडरूमच्या भिंतींवर एमडीएफच्या पट्ट्यांच्या चौकटी ठोकतात. आत चित्र नाही, नुसता रंग. ही नक्कल युरोपातल्या लाकडी अस्तराची. तिथे भिंतीला ते अस्तर आलं गारठा अडवायला. आपल्याला अडवायची आहे ओल, आणि एमडीएफ म्हणजे चिकटवून दाबलेला लाकडाच्या तंतूंचा लगदा. पाणी प्यायला की फुगतो. पीव्हीसीची पट्टी फुगत नाही, असं कंत्राटदार सांगेल. कबूल. ती शाबूत राहते आणि भिंतीच्या पोपड्यांसकट शाबूतच खाली येते. उभ्या पट्ट्यांनी खोली उंच दिसते, हा दुसरा दावा. दिसेलही, पण मग आधी हौसेने फॉल्स सीलिंग लावून छत वीतभर खाली कोणी आणलं?