चौदा मिनिटांचं पुणं

गेवराईच्या बसस्थानकावर पुण्याच्या गाडीची चौकशी करायला खिडकीत तोंड घालावं, तर उत्तर मागच्या बाकड्यावरून येतं : "पुणं? चौदा मिनिटं."

हे मामा. नेमके कुणाचे, ते आता कुणी विचारत नाही. त्यांचा हिशेब चोख असतो. सरळ रेषेत पुणं साधारण २१५ किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००, झाली चौदा मिनिटं. मुंबई वीस. विमान गेवराईतच काय, अख्ख्या बीड जिल्ह्यात उतरत नाही, हा मुद्दा मामा गैरलागू मानतात.

एकदा त्यांच्या सल्ल्यानं एक भाचा मुंबईला विमानानं गेला. पश्चिमेला जायचं म्हणून आधी उत्तरेला निघाला. शहागडचा गोदावरीचा पूल, वडीगोद्री, पाचोड, आडूळ करत चिकलठाण्याच्या विमानतळावर पोहोचला. तिथं ताटकळला, तासभर उडाला आणि मग टॅक्सीत अडकला. आदल्या रात्री ट्रॅव्हल्सनं गेलेला त्याचा चुलतभाऊ तोवर आंघोळ करून जेवायला बसला होता. मामांचा निकाल : "विमान येळेवर पोचलं ना? बाकीचं तुमच्या पायाचं."

रस्त्याचा हिशेबही असाच. चहा म्हणजे प्रवास नव्हे, म्हणून पाथर्डीचा आणि नगरचा थांबा वजा. वाघोलीची कोंडी तर ते मोजतच नाहीत. "वाघोली आली की आपलं अंतर संपलं. म्होरलं पुणेकरांचं." समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पुरता खुला झाला, तेव्हा मामांनी ७०१ किलोमीटरला १२०नं भागून नागपूर-मुंबई पाच तास पन्नास मिनिटांत बसवलं. सरकार आठ तास म्हणतं, असं कुणीतरी सांगितलं. मामा म्हणाले, "सरकार चहाला थांबतं."

त्यांना निरुत्तर झालेलं मी एकदाच पाहिलं. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीची टोळी कोल्हापूरकडं निघाली होती. ट्रॉलीत भांडी, सरपण, लेकरं आणि वर माणसं. मामांनी सवयीनं सरळ रेष काढायला घेतली. वरून एक बाई म्हणाली, "मामा, ट्रॅक्टरचं सांगा की." तालुक्यातली हजारो माणसं दरवर्षी असाच प्रवास करतात, आणि तो भागाकार मामांनी कधी केलाच नव्हता. ते उगाच टोपी झटकत बसले. ट्रॅक्टर हलल्यावर मात्र ओरडले, "पोरांना कडंला बसवू नका!"

हल्ली त्यांना रेल्वेनं उभारी दिलीय. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर गाडी धावते. ती गेवराईला शिवत नाही, पण मामांचा भागाकार तयार आहे.

तेव्हा पुण्याला निघालात तर पहाटेची गाडी धरा, पोटात काहीतरी टाकून घ्या आणि घरच्यांना सहा तास सांगा. मामांना विचारायचंच असेल तर किलोमीटर विचारा. त्यात ते चुकत नाहीत.