सोसायटीतील मांजरे : नवशिक्यांसाठी सहा पाठ

हे मार्गदर्शन मांजर पाळणाऱ्यांसाठी नाही; त्यांना घरच्या मांजराने केव्हाच तयार केलेलं असतं. जिन्यात, पार्किंगमध्ये आणि टाकीवर बसलेल्या प्रत्येक मांजराला सरसकट ‘मनी’ म्हणणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम आहे. साहित्य : जाड पायजमा, रिकामा वेळ आणि अपमान गिळण्याची तयारी.

पाठ १ : ओळख
रंगापासून सुरुवात करा. पांढरा, काळा आणि केशरी असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की भाटी. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं; काळा आणि केशरी एकत्र दिसायला सहसा दोन एक्स लागतात. तिला ‘राजा’ अशी हाक मारून शिक्षण उघडं पाडू नका. नुसत्या केशरीत मात्र बोकेच जास्त. नाव ठेवण्याआधी चौकशी करा. ‘ए’ विंगमधला सिम्बा ‘बी’ विंगमध्ये बाळ्या असतो, वॉचमनचा शेरू असतो आणि मासेवालीच्या टोपलीपाशी नुसताच ‘मेल्या’. तो चारही नावांना ओ देतो, पण टोपलीपाशी सर्वांत तत्परतेने.

पाठ २ : स्वभाव
बाळ्याला माणसं लागतात. पायात घोटाळल्याशिवाय तो जिना चढू देत नाही. गालाचा गंध पायजम्यावर लावला, की तुम्ही त्याच्या मालमत्तेत जमा. मीटरच्या खोक्यावरच्या भाटीला माणसं दिसायला हवीत, पण लांबून. टाकीवरच्या काळ्या बोक्याला फक्त जेवण आणि एकांत हवा. बाळ्यावर यशस्वी झालेली पद्धत काळ्यावर वापरलीत तर जाड पायजम्याचा उपयोग कळेल.

पाठ ३ : संभाषण
रोखून पाहू नका; ते आव्हान ठरतं. डोळे सावकाश मिटा, सावकाश उघडा. समोरूनही तसंच झालं तर गाडी रुळावर आहे. शेपूट उभी असेल तर स्वागत, आपटत असेल तर निघा. पोट दाखवलं म्हणजे खाजवायची परवानगी मिळाली असं नव्हे. मोठी मांजरं आपसांत क्वचितच म्याव करतात. ते खास माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं. तेव्हा दाराशी चाललेलं भाषण तुम्हालाच उद्देशून आहे.

पाठ ४ : आहार
मांजर डोळे मिटून दूध पितं, हे खरं. नंतर त्याचं पोट बिघडतं, हे म्हण सांगत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पाणी ठेवा. मासा किंवा कोंबडी उकडून, काटे-हाडं काढून द्या. कालवणातला तुकडा नको, कांदा-लसूण मांजरांना विषारी. श्रावण तुमचा तुम्ही पाळा. मांजराला लागणारं टॉरिन मांस-मासळीतून मिळतं. नुसत्या दहीभातावर ठेवलेल्या मांजराची पुढे दृष्टी जाऊ शकते.

पाठ ५ : सात घरं
भाटी पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. घरं मोजत बसू नका. जागा असुरक्षित वाटली की ती मुक्काम हलवते, आणि एकेक पिल्लू उचलून नेत असल्यामुळे उरलेली काही वेळ एकटी दिसतात. त्यांना लगेच ‘अनाथ’ ठरवून उचलू नका. लांबून वाट पाहा. पावसाळ्यात गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. आठवं घर तिथेही असू शकतं.

पाठ ६ : नागरिकशास्त्र
कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर ती मारामारीतली जखम नव्हे, बहुधा नसबंदी झाल्याची खूण आहे. भाटी पाच-सहा महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते आणि सुमारे दोन महिन्यांत विते. म्हणून एक वेळ बिस्किटं कमी आणा, पण नसबंदीसाठी वर्गणी काढा. सभेत ‘हाकलून द्या’ असा ठराव आला तर सांगा, की ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023’ प्रमाणे आवारातल्या अशा प्राण्यांच्या खाण्याची सोय लावण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवरही आहे. तुम्हीही जिन्यात किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ वाटी ठेवू नका. तेही त्याच नियमांत आहे.

परीक्षा
प्रश्न एकच : तुमच्या आवारात मांजरं किती? नुसता आकडा लिहिणारे नापास. कोणाला हात लावलेला चालतो, कोणाला नाही आणि कोणाची नसबंदी राहिली आहे, हे लिहिणारे पास. उत्तरपत्रिका मांजरं तपासतील. फेरतपासणीची सोय नाही.