दुष्काळी कामावर पहिल्यांदाच निघालात?

साल 1877. गेल्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं, बैल कवडीमोलाने गेले, कणगीत हात घातला तर तळाचं सारवण लागतं. म्हणजे आपण सरकारी मदतीला पात्र होत आलात. मात्र उपाशी आहोत हे नुसतं सांगून भागत नाही, खडी फोडून दाखवावं लागतं.

सुरुवात चालण्यापासून करावी. गावाशेजारीच काम निघालं असेल तर तिकडे बघूही नका. धडधाकट माणसाला घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचं नाही, असा कसोटीचा दंडक आहे. जवळ काम दिलं तर पोटभर जेवलेलेही येऊन बसतील, ही साहेबांना धास्ती. (पोटभर जेवून उन्हात दगड फोडायला आलेला इसम आमच्या पाहण्यात नाही. कुणाला आढळल्यास त्याला पायताण बांधून द्यावं.) दहा मैल चालवेल इतकं बळ अंगात हवं, पण त्याहून जास्त दिसलं तर तुम्ही गरजू कसले? हा तोल नवशिक्यांना जमत नाही. सरावाने येतो.

आता मजुरी. दिवसाला एक पौंड धान्य, वर आणा-अर्धा आणा चिल्लर. बाईमाणसाला आणि पोरांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे पक्क्या शेराचा निम्माही नव्हे. ज्वारी दळली की चार भाकऱ्या होतात, पातळ थापल्या तर पाच. जातं घरी राहिलंय, ते कुणाकडून तरी मागून घ्यावं. मीठ, मिरची आणि जळण चिल्लरीत बसवावं. बसत नसेल तर मिरची सोडावी, मग मीठ. जळण सोडता येत नाही. पहिली भाकरी सकाळी खाऊ नये, खडीच्या ढिगाशी दुपारी डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा ती लागते.

हे माप ठरवणारे सर रिचर्ड टेंपल मुळात कंजूष नव्हेत. 1874 साली बिहारात त्यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ जहाजं भरभरून आणवला आणि माणसं जगवली. त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका त्यांच्या माथी बसला. पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. इथे ताक आपलं, फुंकणारे ते. यंदा मात्र त्यांनी असं काम केलं की मुंबई इलाख्याचं गव्हर्नरपद मिळालं.

मजुरी कमी वाटली तर काम सोडून जाऊ नये. या सालच्या सुरुवातीला आपल्याच इलाख्यात हजारो माणसं कामं टाकून उठली आणि घरच्या वाटेला लागली. भुकेल्यांनी संप करावा, हे कुठल्याच कायद्यात बसेना. कसोटी म्हणते, कामावर नाही तो भुकेला नाही. तेव्हा तुम्ही उठून गेलात की सरकारी कागदावर दुष्काळच तेवढा कमी होतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि मंडळींनी, गावोगावची हकीकत जमवून अर्ज धाडले. तुरुंगातल्या कैद्याला यापेक्षा जास्त धान्य मिळतं, हेही त्यांनी दाखवून दिलं. हे वाचून चोरी करायचा विचार मनात आला तर तोही चालतच करावा. कचेरी दहा मैलांच्या आत असेलच असं नाही.

बाकी काम सोपं आहे. मुरमाची पाटी, भराव, खडी. म्हसवडकडे तलावाचं काम निघालंय, तिथे माती उचलायला मिळाली तर नशीब समजा, माती दगडापेक्षा मऊ असते.

सकाळी मुकादम हजेरी घेतो तेव्हा पहिल्याच हाकेला मोठ्याने 'हजर' म्हणावं. शेजारच्याचं नाव पुकारून उत्तर आलं नाही, तर गप्प राहावं. त्याची पाटी आपल्या पाटीपेक्षा हलकी आहे का, एवढं बघून ठेवावं.