चांगी ते चांगी, व्हाया सेरंगून रोड

एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढेपर्यंत मधल्या विमानतळावर काढाव्या लागणाऱ्या वेळाला लेओव्हर म्हणतात. तो दोन तासांचा असला तर पळापळ होते, पाच तासांचा असला तर पाठ धरते आणि दहा-बारा तासांचा असला की प्रवाशाच्या मनात ते शहर पाहून घेण्याचा विचार येतो. एवढा लांब लेओव्हर बहुधा स्वस्त तिकिटाबरोबर येतो. तिकिटात वाचलेले पैसे त्या शहरात खर्च होता कामा नयेत, ही अशा प्रवाशाची पहिली अट असते.

मुंबईहून ऑस्ट्रेलियाला निघालेल्या मराठी माणसाच्या वाट्याला हे शहर बरेचदा सिंगापूर येते. भारतीय पासपोर्टवर तिथे एरवी व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, जपान अशा काही देशांचा चालू व्हिसा असेल आणि पुढचे तिकीट पक्के असेल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडता येते. अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावे लागते. त्याला पैसे पडत नाहीत. सोडायचे की नाही हे खिडकीतला अधिकारी ठरवतो. ‘कशासाठी आलात?’ असे त्याने विचारल्यास मुलीच्या बाळंतपणापासून सुरुवात करू नये. ते मेलबर्नच्या खिडकीत द्यायचे उत्तर आहे. इथे ‘ट्रान्झिट’ एवढे पुरते.

यानंतर वजाबाकी करावी. समजा, विमान सकाळी साडेसातला उतरले आणि पुढचे संध्याकाळी साडेसातला आहे. बारा तासांतून उतरणे व इमिग्रेशन यांचा दीड तास, मेट्रोचे जाऊन-येऊन दोन तास आणि विमानाआधी पोचण्याचे अडीच तास गेले, की सहा उरतात. घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे असल्याने पोट मात्र अजून पहाटेचे पाच वाजल्याचे सांगत असते. उदाहरणादाखल मुलीच्या बाळंतपणाला मेलबर्नला निघालेले सांगलीचे एक जोडपे घेऊ. गृहस्थ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि एस.टी. सुटण्याच्या तासभर आधी स्टँडवर बसणारे. विमानतळावर पाच तास आधी पोचलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे सहाचे साडेतीनच उरले.

साडेतीन तासांत सिंगापूर होत नाही. मोबाइलवर ‘चार तासांत अकरा ठिकाणे’ दाखवणारी जी मंडळी हिंडतात, ती पंचविशीतली असतात, त्यांच्या पाठीवर काही नसते आणि त्यांना लघवीला लागत नाही. त्यांचे व्हिडिओ साठीच्या माणसांना पाठवणाऱ्या भाच्या-पुतण्यांना निदान एकदा तरी केबिन बॅग घेऊन अकरा ठिकाणे हिंडवावे.

विमानतळ न सोडताही वेळ जातो. सिंगापूरच्या चांगी विमानतळाचे पहिले टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले. आज तिथे आत फुलपाखरांची बाग आहे, निवडुंगांची बाग आहे आणि फुकटचे सिनेमागृहही आहे. साडेपाच ते चोवीस तासांचा लेओव्हर असणाऱ्यांना फुकट शहरफेरी मिळते. तीही आधी नाव नोंदवून. २०१९ मध्ये उघडलेल्या ‘ज्वेल’मध्ये छतातून कोसळणारा ४० मीटर उंचीचा धबधबा आहे, छताखालचा जगातला सर्वांत उंच. ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर असल्याने तो जवळून पाहायला देशात शिरावे लागते. धबधबा ऐन भरात असताना मिनिटाला सुमारे ३७,००० लिटर पाणी पडते, ही माहिती मिळताच वरील गृहस्थांनी तोंडी हिशेब केला, ‘‘बावीस क्युसेक,’’ आणि पाठ फिरवली. कोयनेतून हजारो क्युसेक सुटल्यावर कृष्णेची पातळी रात्रभर मोजलेल्या माणसाकडून याहून जास्त दाद मिळणे कठीण. साठवलेले पावसाचे पाणीच त्यात फिरवून वापरतात, हे कळल्यावर मात्र ते पुन्हा वळून पाहू लागले.

लेओव्हरचा खरा प्रश्न केबिन बॅगेचा असतो. मोठ्या बॅगा मुंबईहून परस्पर मेलबर्नला जातात. सात किलोंची हातातली बॅग मालकाबरोबर राहते. चांगीवर पैसे भरून सामान ठेवण्याची सोय आहे. पण सिंगापुरी डॉलरला रुपयांच्या भावाने गुणण्याची सवय मराठी प्रवाशाला विमानातच लागते, आणि त्या गुणाकारापुढे कोणतीही सोय टिकत नाही. ‘‘चाकं आहेत की तिला,’’ असा निर्णय झाला.

बॅगेत डिंकाचे लाडू, हळीव, टोपडी, जुन्या सुती साडीची गोधडी आणि गोडा मसाला होता. मोठ्या बॅगा हरवतात असे ऐकिवात असल्याने जे हरवून चालणार नाही ते सर्व हातात घेतले होते. लाडू नगावर मोजले होते आणि वाटेत एकही फुटू द्यायचा नव्हता.

चांगीहून मेट्रोने एक्स्पोला उतरून डाउनटाउन लाइन घेतली की लिट्ल इंडिया येते. डब्यातल्या पाटीवर खाण्यापिण्याला ५०० डॉलर, धूम्रपानाला १,००० आणि ज्वालाग्राही वस्तूंना ५,००० डॉलर दंड लिहिलेला असतो. ड्युरियन या फळालाही मनाई आहे, पण त्याच्यापुढे रक्कम नाही. गृहस्थांना खात्यातल्या सवयीने ही त्रुटी लगेच खटकली. सौभाग्यवतींनी पर्समधली लिमलेटची गोळी तोंडात न टाकताच परत ठेवली.

तिथल्या सेरंगून रोडच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या दुकानांना पुढे छप्पर असलेले ओटे आहेत. १८२२ च्या नगररचनेत स्टॅम्फर्ड रॅफल्सने प्रत्येक घरापुढे असा सलग, आडोशाचा रस्ता सोडायला लावला. ऊन आणि पाऊस दोन्हींपासून पायी चालणाऱ्याचे रक्षण व्हावे, हा हेतू. रस्ता सलग झाला, पण ओट्यांची उंची प्रत्येकाने आपापली ठेवली. त्यामुळे एका दुकानापुढून दुसऱ्यापुढे जाताना कुठे पायरी चढावी लागते, कुठे उतरावी लागते. रॅफल्सच्या काळी चाकांच्या बॅगा नव्हत्या. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर बॅगेचे उजवे चाक निखळले, घरंगळत कडेच्या खोल गटारात पडले, आणि नेमका तेव्हाच पाऊस आला.

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम १३७ किलोमीटर आहे. मुंबई चार महिन्यांत जेवढा पाऊस आटपते, साधारण तेवढा तिथे वर्षभर पुरवून पडतो. बरेचदा दुपारी, मोठ्या सरीने, आणि तासाभरात थांबतो. त्यासाठी गटारे खोल आणि उताराची केलेली आहेत. चाक दिसेनासे होईपर्यंत गृहस्थ ओट्याच्या कडेला उभे राहून त्याच्याकडे पाहत होते.

‘‘अहो, बॅगेकडे बघा!’’

‘‘उतार बघ काय काढलाय. पाणी थांबतच नाही.’’

‘‘चाक गेलं आपलं.’’

‘‘गेलं. पण तुंबलं कुठंच नाही.’’

एका चाकाची बॅग ओढता येत नाही. ती मालकाभोवती गोल फिरते. उचलावी तर मूठ वरच्या बाजूला आणि वजन खाली. खांद्यावर घ्यावी तर चष्मा पडतो. ती गुडघ्याने ढकलत चार दुकाने पुढे नेल्यावर चेन उसवली आणि लाडवांचा डबा अर्धा बाहेर आला. सौभाग्यवती तिथेच, एका हारवालीच्या दुकानापुढे, डबा मांडीवर घेऊन खाली बसल्या. रात्रभर जागरण, साडी भिजलेली, लेक अजून साडेसात तासांच्या विमानप्रवासापलीकडे. डोळ्यांत पाणी आले ते बॅगेसाठी नव्हते.

हारवाली तमिळ बोलणारी होती, या बाईंना मराठीखेरीज थोडे हिंदी येत होते. तरी झाकण उघडून लाडू दाखवणे, मग पोटावरून हात फिरवणे आणि आभाळाकडे बोट करणे, एवढ्यावर सगळे समजले. हारवालीने हार ओवायच्या दोऱ्याचे अर्धे रीळ काढून बॅग उभी-आडवी आवळून बांधली, दहा-बारा गाठी मारल्या, पैसे घेतले नाहीत आणि मोगऱ्याचा एक गजरा बाईंच्या केसांत स्वतः माळला. मोजून आणलेल्या लाडवांतला एक तिच्या हातावर ठेवला गेला. त्या हिशेबाबद्दल गृहस्थ पुढे कधीही काही बोलले नाहीत.

पलीकडच्या टेक्का सेंटरमध्ये जेवण स्वस्त आणि चांगले मिळते. सिंगापूरच्या या खाऊगल्ल्यांच्या संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. तिथे रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवलेले दिसले तर ते टेबल धरलेले असते, एस.टी.च्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालाला जो मान, तोच त्या पाकिटाला. एस.टी.चा पुरेपूर अनुभव असूनही या जोडप्याने ते पाकीट हॉटेलची सेवा समजून फोडले आणि त्यातल्या रुमालांनी बॅग पुसून कोरडी केली. ताट घेऊन आलेल्या कचेरीतल्या मुलीने टेबलाकडे पाहिले, बॅगेकडे पाहिले आणि दुसरीकडे जाऊन बसली. जेवल्यावर ताट आपले आपण उचलून ठेवावे लागते. २०२१ पासून न उचलणाऱ्यावर कारवाई होते. गृहस्थांनी दोघांची ताटे ठेवली, आणि लग्नानंतर प्रथमच ठेवली.

मर्लायन, म्हणजे सिंहाच्या तोंडाचा ८.६ मीटर उंच मासा, १९७२ पासून पाण्याची धार सोडतो. तो पाहायचा राहिला. मरीना बे सँड्सची तीन मनोऱ्यांवर नाव ठेवलेली इमारत कुठेशी लांबून दिसली.

चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलांत हातातल्या सामानाची तपासणी विमानाच्या फाटकापाशीच होते. म्हणून बाटलीतले पाणी तिथे पोचण्याआधी संपवावे. लोणचे, तूप, चटणी हेही द्रवातच जमा असून १०० मिलिलिटरच्या वर चालत नाही. यंत्राच्या पडद्यावर एकसारखे गोळे ओळीने दिसल्यास बॅग उघडावी लागते, हे ओघाने आलेच. हारवालीच्या गाठी कोणाच्याने सुटेनात. प्रवाशाजवळ कात्री असण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी कर्मचाऱ्याने आपली कात्री आणली, लाडू पाहिले, हुंगले, आणि बॅग चिकटपट्टीने पुन्हा बांधून दिली.

ऑस्ट्रेलियात उतरताना प्रत्येक खाद्यपदार्थ कार्डावर जाहीर करावा लागतो. लपवल्यास जागीच दंड होतो. बी-बियाणे आणि ताजी फुले यांबाबत तो देश फार कडक आहे. गजरा त्यामुळे विमानातच उतरवून ठेवावा लागला. लाडू आणि हळिवाचे पुढे काय झाले हा मेलबर्नचा विषय असून या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

नवीन बॅगेची किंमत सामान ठेवण्याच्या शुल्कापेक्षा कितीतरी जास्त असते. लेओव्हर आठ तासांहून कमी असेल तर विमानतळाबाहेर पडू नये. जास्त असेल तर बॅग आधी तिथे ठेवावी, पावती पासपोर्टात घालावी आणि गुणाकार घरी परतल्यावर करावा.