वेळ लाव

प्रत्येक घराण्यात एक माजी खेळाडू असतो. कधीकाळी तो तालुक्याला खेळलेला असतो, जिल्ह्याला निवड होता होता राहिलेली असते आणि त्या राहण्यामागं कुणाचं तरी राजकारण असतं. पंगतीत बसला की तो शेजाऱ्याच्या जिलेब्या मोजतो आणि एक जास्त खातो. रस्त्यानं जाताना पुढच्या अनोळखी माणसाला उगाच मागं टाकतो. पाहुण्यांच्या पोरांशी पंजा लढवून त्यांना रडवतो. आमच्या घराण्यात हे पद मामांकडं आहे. फरक इतकाच की मामा गेली काही वर्षं चाकाच्या खुर्चीत आहेत, त्यामुळं पुढच्या माणसाला ते पूर्वीपेक्षा लवकर मागं टाकतात.

"वेळ लाव रं" हा मामांचा मंत्र. कुणी पाण्याचा तांब्या भरायला उठलं, वेळ लाव. मामी चहा टाकायला गेल्या, वेळ लाव. मी एकदा त्यांच्याकडं अंघोळीला गेलो आणि बाहेर येऊन बघतो तर दारात मामा, हातात मोबाइल. "अकरा मिनिटं चाळीस. म्हैस धुऊन निघंल एवढ्यात."

या सगळ्या मोजामोजीला त्यांचं एक माप आहे: सदतीस पूर्णांक तेहतीस. वाळवा तालुक्यातलं पेठ हे मुरलीकांत पेटकरांचं गाव. पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सोनं आणलं. भारताचं ते पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. मामांचं गाव पेठहून सात-आठ मैल लांब, पण मामा बोलताना ते अंतर गिळून टाकतात. "तेवढ्या वेळात आमच्या पेठच्या माणसानं सोनं आणलं, आणि तुला भाचे, फ्रीजमधली बाटली आणता येत न्हाई?"

पेटकरांवरचा 'चंदू चॅम्पियन' २०२४ साली आला तेव्हा मीच त्यांना घेऊन गेलो. खुर्चीची जागा पडद्याच्या अगदी पुढ्यात, मान मोडेल अशी. पडद्यावर पोहण्याची शर्यत सुरू झाली आणि मामांनी घड्याळ लावून मोठ्यानं सेकंद मोजायला सुरुवात केली. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो दादा, पिक्चर बघू द्या की." मामांनी मोजणं मनात सुरू ठेवलं. ओठ हलत होते.

मामा कबड्डीत डाव्या कोपऱ्याला खेळायचे. घोटा पकडायचा आणि सोडायचा नाही, एवढंच त्यांचं काम, आणि त्यात ते पक्के होते. २०१० साली मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, कौलं नीट करायला छपरावर चढले आणि तिथून खाली आले. डी-१२ नावाचा मणका गेला. घोटे धरणाऱ्या माणसाला स्वतःचे घोटे कळेनासे झाले. मामा आजही याचा खुलासा ज्याला-त्याला देतात, "जन्मभर लोकांचे पाय वढले, त्याचंच हाय हे."

हा विनोद सुचायला त्यांना पाच वर्षं लागली. ती पाच वर्षं ते भिंतीकडं तोंड करून होते. एकाच अंगावर पडून राहिलं की जखमा होतात, म्हणून मामी दर दोन तासांनी गजर लावून त्यांची कूस बदलायच्या. रात्रीसुद्धा. आता त्याची गरज नाही, तरी मामी दोनला आणि चारला अजून उठतात. उठून बसतात, पाणी पितात, परत आडव्या होतात.

मग पुण्यात एका पुनर्वसन केंद्रात दाखवायला नेलं. शेजारच्या खाटेवर मोटरसायकलवरून पडलेलं एकोणीस वर्षांचं पोरगं होतं, त्याचीही कंबर गेलेली. वेळ जाईना म्हणून त्यानं मामांना पंजा लढवायला बोलावलं. मामा हरले. परत लावला, परत हरले. तिसऱ्यांदा हरल्यावर ते पोरगं चक्क शिटी वाजवत बसलं. त्या रात्री मामा मामींना म्हणाले, "उद्यापासनं दोन अंडी वाढीव." पाच वर्षांत त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं ते पहिलं. मामी कॉरिडॉरमध्ये जाऊन रडल्या आणि मग अंडी कुठं मिळतात ते विचारत सुटल्या.

पुढं मामा बसून गोळा फेकायला लागले आणि त्यात नाव काढायला लागल्यावर एक वार्ताहर घरी आला. त्याला जिद्द, प्रेरणा, नवी पहाट असं काहीतरी हवं होतं. "या वळणावर आपल्याला कशानं बळ दिलं?" मामा म्हणाले, "त्या पोराला हाणायचं हुतं." छापून आलं ते असं की मामांनी नियतीला आव्हान दिलं. कात्रण मामींनी लॅमिनेट केलंय. मामा ते दाखवताना 'नियती'वर बोट ठेवून सांगतात, "ही म्हंजे ते पोरगं."

संकटानं माणूस बदलतो, मोठा होतो वगैरे मीही ऐकून आहे. मामा तसूभर मोठे झाले नाहीत. होते तसेच चिडके, हट्टी आणि सेंटिमीटरसाठी भांडणारे राहिले. माझं तर मत आहे की ते त्या चिडकेपणावरच तरले. शहाणा, समजूतदार माणूस असता तर अजून भिंतीकडं तोंड करून पडला असता.

बसून गोळा फेकायला स्वतंत्र आसन लागतं. त्याला फ्रेम म्हणतात. तिची उंची गादी धरून ७५ सेंटिमीटरच्या वर चालत नाही. मामांची फ्रेम उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याकडं झाली. पहिल्यांदा ती ७६ भरली. वेल्डिंगवाला म्हणाला, "एका सेंटिमीटरानं काय ऑलिम्पिकला जायचं ऱ्हातंय व्हय?" मामा म्हणाले, "तेवढ्यानंच ऱ्हातंय. काप." त्यानं चारी पाय कापले, तेव्हा ती डुगडुगायला लागली. मग एका पायाखाली पत्र्याची चकती आली. त्या चकतीला मामा 'आमचा पाचवा खेळाडू' म्हणतात.

सराव शाळेच्या मैदानावर, संध्याकाळी. जमिनीत ठोकलेल्या कड्यांना मालट्रकच्या पट्ट्यांनी फ्रेम आवळायची, मामांना तिच्यावर चढवायचं, मांड्या पट्ट्यानं बांधायच्या. डावा हात समोरच्या उभ्या दांड्यावर, उजव्या हातात चार किलोचा गोळा, मानेला लावलेला. आमच्या भूमिकाही ठरलेल्या आहेत. मामी टेप धरतात आणि मी गोळा आणतो. माझं शिक्षण, माझी नोकरी, पुण्यातला फ्लॅट, यातलं काहीही त्या मैदानात चालत नाही. मी गोळा आणणारा.

"पाच बाहत्तर," मामी सांगतात.

"टेप ताण की जरा."

"ताणलाय."

"वल्या जाग्यावर पडलाय, रुतला. पाच ऐंशी लिव्ह."

मामी पाच बाहत्तर लिहितात. मामांच्या गटातले जगातले पहिले गडी बारा मीटरच्या पुढं टाकतात. मामांचं ध्येय सहा. "निम्म्यावर आलो की मग बघू," म्हणतात, जणू उरलेले सहा मीटर उताराचे आहेत.

या खेळाचा एक नियम मला फार आवडतो. फेकताना बूड आसनाला टेकलेलं पाहिजे. सुटलं की फाऊल. मामांना हा नियम पहिल्यांदा समजावला तेव्हा ते कितीतरी वेळ हसत होते. "आरं, उठलं की बाद! असला खेळ तर आमच्यासाठीच काढलाय."

खरं तर घरी ते सारखे उठत असतात. बसून बसून खाली जखम होऊ नये म्हणून दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हात खुर्चीवर रोवून अंग वर उचलायचं, थोडं थांबायचं, खाली यायचं. माझ्या लग्नात नेमक्या शेवटच्या मंगलाष्टकेला मामांची पंधरा मिनिटं भरली. ते हातांवर उचलले गेले आणि मुलीकडचे चार जण "धरा, धरा, पडतायत" करत धावले. भटजी थांबले. मामा तसेच अधांतरी राहून म्हणाले, "चालू द्या, माझं रोजचं हाय." अक्षता पडल्या त्या निम्म्या मामांच्या डोक्यावर.

स्पर्धेत उतरण्याआधी वर्गवारी होते. तज्ज्ञ येऊन कंबर, पोट, पाठ किती चालते ते तपासतात आणि गट देतात. बसून खेळणाऱ्यांचे एफ-५१पासून एफ-५७पर्यंत गट असतात, आकडा जितका मोठा तितकी अंगात ताकद जास्त. तपासणीला आलेला माणूस सहसा आपलं दुखणं सांगतो. मामा ताकद दाखवायला बसले. "पोटाला हात लावून बघा, सायेब. दगड हाय दगड." डॉक्टर म्हणाले, "काका, जरा सैल बसा, नाहीतर ताकदवान गटात टाकावं लागेल." मामांना वाटलं, ही बढती आहे. शेवटी एफ-५५ मिळाला, तेव्हा कुणीतरी राजकारण करून पाडल्यासारखं तोंड करून बाहेर आले.

खंडेनवमीला त्यांच्याकडं विळा, कोयता, पाना यांच्याबरोबर गोळाही पाटावर असतो, हळदकुंकू लावून. गोल असल्यामुळं तो पाटावर टिकत नाही. दर वर्षी आरतीच्या मध्येच घरंगळून खाटेखाली जातो. तो कोण आणतो हे सांगायला नको.

परवाच्या स्पर्धेला निघालो तेव्हा एसटी स्टँडवर मी तिकिटाला गेलो होतो. परत येतो तर मामांच्या मांडीवर दहाचं नाणं आणि समोर एक म्हातारी हात जोडून. मला घाम फुटला. मामा तिला म्हणत होते, "मावशे, स्पर्धेला निघालोय. वाटखर्ची द्यायची तर ईस तरी दे." म्हातारीनं कनवटीतून खरंच आणखी दहा काढले. त्या विसाचा आम्ही चहा घेतला.

स्पर्धेत बसून फेकणाऱ्याला सगळ्या फेकी लागोपाठ टाकायच्या असतात. पहिली गेली पाच ऐंशी, या खेपेला खरीखुरी. दुसऱ्या फेकीला मामांनी डाव्या हातानं दांडा असा काही ओढला की फ्रेम करकरली. गोळा सहाच्या रेघेपलीकडं पडलेला मी डोळ्यांनी पाहिला. आणि लाल झेंडा वर गेला.

मी डोळे मिटले. मामा आता पंचांशी किती वेळ भांडतील, याचा हिशोब करत होतो. पंच म्हणजे कॉलेजात शिकत असावी अशी मुलगी. ती घाबरतच जवळ आली. "सॉरी काका. तुम्ही उठलात."

मामा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय म्हणालीस?"

"उठलात, काका. सीटवरून."

"परत म्हण."

तिनं परत सांगितलं. उरलेल्या फेकी मामांनी कशा टाकल्या ते त्यांनाही आठवत नाही. शेवटी सात जणांत पाचवे आले. पट्टे सोडायच्या आधीच त्यांनी माझ्याकडून मोबाइल मागून घेतला आणि स्पीकर लावला. "अगं ऐक. पंचानं लेखी दिलंय. चौदा वर्षांनी मी उठलो."

पलीकडं कुकरची शिटी झाली. मामी म्हणाल्या, "बरं. किती वेळ? वेळ कुणी लावली होती?"

मामा माझ्याकडं बघायला लागले.